करंगळी

करंगळी हलली नाही, एवढंच झालं. बाकीचं सगळं, म्हणजे पडदा, धावपळ, हॉस्पिटल आणि मग नशिबी आलेली ती खिडकीजवळची खाट, हे तिच्या मागून आलेलं. भेटायला येणाऱ्यांना मी पडल्यापासून सांगायचे, कारण पडणं लोकांना कळतं. 'अगं बाई, पडलीस?' म्हणून तोंडावर हात ठेवता येतो. करंगळी हलली नाही म्हणून सांगितलं असतं तर माणसं नवऱ्याकडे बघायला लागली असती, हिला झोपेचं औषध जरा जास्तच होतंय का म्हणून. पण डाव्या कुशीवर पडून समोरच्या भिंतीचा पोपडा बघत दिवस काढायचे तेव्हा माझ्या डोक्यात पडणं नसायचंच. पडणं मला चांगलं येतं, त्याच्यावर पोट भरतं माझं. डोक्यात असायची ती करंगळी. ती विसरली, की तिनं मुद्दाम केलं, की केलं मी आणि ढकलतेय तिच्यावर, हे काही केल्या सुटत नव्हतं. आणि पोटातलं मधूनच ढुशी द्यायचं, त्यालाही हेच विचारायचं असल्यासारखं.

नाटकात मी शेवटच्या अंकात मरते. राणीबिणी नाही, साधी घरातली बाई आहे. दिवसभर सगळ्यांचं करते, संध्याकाळी टेबलावरचा दिवा मालवते आणि वळता वळता कोसळते. मग माझा नाटकातला नवरा येतो आणि शेजारी बसून बराच वेळ बोलतो. त्या बोलण्याला लोक रडतात असं त्याचं म्हणणं आहे. मला काही दिसत नाही, मी मेलेली असते. पण मी पडते त्या क्षणी हॉलमध्ये जी शांतता होते ती मी ऐकलेली आहे, आणि ती त्याच्या वाट्याची नाही, माझ्या वाट्याची आहे. तालमीच्या खोलीत जुन्या गादीवर महिनाभर घोटलं होतं मी ते पडणं. आधी गुडघे सोडायचे, मग कंबर, मग खांदा, आणि डोकं सगळ्यात शेवटी, झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं. अंगावर काळेनिळे डाग घेऊन घरी यायचे तेव्हा सासूबाई म्हणायच्या, तुमच्या धंद्यात मरणसुद्धा फुकट मिळत नाही गं. मास्तर, म्हणजे आमचे दिग्दर्शक, यांना कुणाचं कौतुक करायचं म्हणजे जिवावर येतं. पण तेही एकदा म्हणाले की बाई, तू पडलीस की मला दर वेळी वाटतं, आज गेली. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं पडत होते.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. घरात आम्ही तिला मुकादम म्हणतो, कारण कामं सगळ्यांकडून करून घेते आणि स्वतः कमरेवर हात ठेवून उभी राहते. एकदा सासूबाई बाहेरगावी होत्या आणि नवऱ्याच्या शाळेत परीक्षा होत्या, म्हणून मी तिला प्रयोगाला घेऊन गेले आणि विंगेत पडदेकाकांच्या स्टुलाशेजारी उभी केली. पडदेकाका म्हणजे आमचा पडद्याचा दोर सांभाळणारे. त्यांना मी सांगितलं, हिच्याकडे बघा जरा; तिला काय दिसणार आहे ते तिला सांगायचं मात्र राहून गेलं. मी पडले आणि विंगेतून अशी किंकाळी आली की माझ्या मेलेल्या अंगावर काटा उभा राहिला. प्रेक्षकांना वाटलं, नाटकातच आहे. घरी येईपर्यंत तिनं माझ्या गळ्यातले हात सोडले नाहीत आणि पुढे कितीतरी दिवस मी डोळे मिटले की येऊन बोटांनी माझ्या पापण्या उघडून बघायची. तेव्हा आमचा करार झाला. मी पडते तेव्हा डावा हात विंगेकडे येतो. समोरून तो दिसत नाही, विंगेतून दिसतो. त्या हाताची करंगळी मी एकदा हलवायची. हलली, म्हणजे खोटं-खोटं. 'पण उगीच हलवायची नाही हं,' तिनं मला बजावलं होतं, 'खोटं-खोटं असलं तरच.' मी शब्द दिला. पुढे ती कधी यायची, कधी यायची नाही. माझी करंगळी मात्र हलायचीच. विंगेत पडदेकाका जांभया देत असले तरी हलायची. हाताला वळण पडलं होतं, म्हणून तर नंतरचा एवढा घोळ.

मधे एक गेलं. चौथ्या महिन्यात. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, म्हणजे सगळे इतके जपून बोलत नाहीत की तेच ऐकू येत राहतं. मी आठवड्याच्या आत पुन्हा स्टेजवर उभी राहिले आणि लोक म्हणाले, काय धीराची बाई आहे. धीर कसला डोंबलाचा. स्टेजवर पडलं की उठता येतं हे मला ठाऊक होतं, टाळ्या झाल्या की उठायचंच असतं. घरातलं पडणं मला येत नव्हतं. मग अडतिसाव्या वर्षी पुन्हा दिवस राहिले तेव्हा मला आनंद झाला आणि त्याच दमात राग आला. आत्ता कुठं नाटक रंगात आलं होतं. बाहेरगावचे प्रयोग लागत होते, रस्त्यात बायका थांबवून विचारायच्या, पडताना लागत नाही का हो तुम्हाला? आई होणाऱ्या बाईनं पहिल्यांदा तारखा आठवू नयेत, पण मला प्रयोगांच्याच तारखा आठवल्या. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काय ते ओळखलं. म्हणाल्या, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. मला विचारशील तर पोटुशीपणाचंही आणता येत नाही. झाकू म्हणशील तर झाकत नाही, आणि विसरू म्हणशील तर ते पोर तुला विसरू देत नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या, बोलायला सरळ. सोनोग्राफीच्या पडद्यावर करडं करडं काहीतरी दाखवून म्हणाल्या, बाळ ठीक आहे, पण वार खाली आहे, अगदी पिशवीच्या तोंडाशी. पुष्कळदा वर सरकते, आपण वाट बघू. पण तोवर जपायचं. रक्त दिसलं तर पळत यायचं, म्हणजे पळायचं नाही, कुणीतरी आणायचं. तुमचं वय, मागचं गेलेलं, आणि हे रक्तदाबाचं, तिन्ही मिळून मला हे बाळंतपण हलक्यात घेता येणार नाही. काम काय करता, विचारलं. नाटकात, म्हटलं. बसून करण्यासारखं असेल तर थोडे दिवस चालेल, म्हणाल्या; जिने नकोत, ओझं नको, दगदग नको. पडण्याचं त्यांनी विचारलं नाही. कोण विचारेल? कामावर पडता का, हा काय प्रश्न झाला? मी मास्तरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरची काडेपेटी उलटी-सुलटी करत बसले आणि मग म्हणाले, खुर्चीत मर. त्यांच्या मानानं हा फार मोठा त्याग होता. दिवा मालवायचा, खुर्चीत बसायचं, मान कलती करायची. ठरलेले प्रयोग तसे करायचे आणि मग बदलीची मुलगी उभी राहील. मुकादमनं तालमीला येऊन, सगळ्या बाजूंनी बघून पसंती दिली. खुर्चीतूनसुद्धा करंगळी दिसते, म्हणाली.

खुर्चीतलं मरण चांगलं होतं. नीटनेटकं होतं. पण लोकांना पोचत नव्हतं. मी मान टाकायचे आणि कुणीतरी खोकायचं. पडून मरायचे तेव्हा दोन वर्षांत कुणी खोकलं नव्हतं. घरी येऊन मी नवऱ्याला म्हणायचे, आज तिसऱ्या रांगेत एक माणूस खोकला. तो म्हणायचा, सर्दी असेल त्याला. गणिताचा मास्तर आहे तो, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. मग तो दुपारचा प्रयोग आला. शाळेला सुट्टी म्हणून मुकादम विंगेत. हॉल भरलेला. पहिल्या अंकापासूनच लोक हातात होते, असं कधीतरी होतं, आपण काही करायच्या आधीच ती माणसं आपल्याबरोबर श्वास घ्यायला लागतात. मी दिवा मालवला. वळले. खुर्ची दोन पावलांवर होती, मला दिसत होती. आणि ती शांतता आली, ती जुनी, माझ्या वाट्याची. खाली अंधारातून वर चढत आली आणि माझे गुडघे सुटले. मी सोडले असं मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला म्हटलं, तोल गेला. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, सवयीनं झालं. सवयीनं झालं हे खरंच आहे, पण सवयीला थांबवायला अर्धा क्षण असतो, तो मला मिळाला होता. त्या अर्ध्या क्षणात पोटात एक जीव होता आणि मला ती शांतता हवी होती. मी तिच्यासाठी पडले.

डोकं टेकलं, डावा हात विंगेकडे गेला. नाटकातला नवरा आला, त्याच्या बुटांच्या टाचांचा आवाज मला ओळखू येतो. आणि तेव्हा आत काहीतरी कोमट सुटलं. दुखलं काहीच नाही. दुखलं असतं तर मी काहीतरी केलं असतं, ओठ चावला असता; दुखणं लपवायचं कसं हे आम्हाला शिकवलेलं असतं. हे नुसतं कोमट होतं, मांडीवर उतरणारं. दोन वर्षं मी स्टेजवर मरून पडले आहे, आणि दर वेळी माझे कान हॉलकडे असतात. त्या दिवशी पहिल्यांदा हॉल मला ऐकू आला नाही. मी आत ऐकत होते. तू आहेस का, तू आहेस का, एवढंच. वर तो बोलत होता, थांबायचं नाव नाही. प्रयोग थांबवायचा नसतो, हे लहानपणच्या पाढ्यासारखं डोक्यात बसलेलं. भिंत कोसळली तरी वाक्य पुरं करायचं. मला ओरडता आलं असतं. उठून बसता आलं असतं. मी मेलेलीच राहिले, इतकी ती शिस्त हाडात मुरलेली. फक्त करंगळी हलली नाही.

पुढचं मला पडदेकाकांनी सांगितलं, हॉस्पिटलात भेटायला आले तेव्हा. आधी मी खुर्चीऐवजी खाली पडले तेव्हाच मुकादम स्टुलाजवळून पुढे सरकली होती. मग ती हाताकडे बघत राहिली. मग तिनं त्यांची बाही ओढली आणि सांगितलं, पडदा टाका. आईचं खरं आहे. इतक्या वर्षांत मास्तरांच्या खुणेशिवाय आपण दोराला हात लावलेला नाही, असं काका सांगत होते. मास्तर तर समोर शेवटच्या रांगेत बसलेले. 'मी पोरीच्या तोंडाकडे बघितलं, ताई,' ते म्हणाले, 'आणि दोर सोडला.' पडदा नाटकातल्या नवऱ्याच्या वाक्याच्या मधोमध पडला. लोकांना वाटलं, संपलं. जोरात टाळ्या झाल्या. मला उचलून नेत होते तेव्हा त्या टाळ्या चालूच होत्या आणि देवाशपथ सांगते, त्याही अवस्थेत मी मनात म्हटलं, आज बऱ्याच झाल्या. पुढे मास्तरांनी तो शेवट तसाच ठेवला. म्हणे, भाषणाशिवाय नाटक जास्त भिडतं. नाटकातला नवरा तेव्हापासून पडदेकाकांशी बोलत नाही.

रक्त थांबलं. बाळ आत टिकलं. डॉक्टरीणबाईंनी हॉस्पिटलात ठेवून घेतलं आणि मग अटींवर घरी सोडलं: खाट, डावी कूस, आणि मोरीपर्यंत जायला तेवढं उठायचं. वार काही वर सरकलेली नव्हती. दिवस भरेपर्यंत ओढत न्यायचं, म्हणाल्या, जेवढं आत राहील तेवढं त्याचं आयुष्य घट्ट होईल. सगळ्यांचा जीव टांगणीला. घर माझ्याभोवती हळू आवाजात चालायला लागलं. सासूबाई चहा आणून ठेवायच्या आणि कप रिकामा होईपर्यंत दारात उभ्या राहायच्या. नवरा शाळेतून आला की पहिल्यांदा चादरीकडे बघायचा, मग माझ्याकडे. कसं दिसतंय सगळं, मी विचारायचे त्याला. एकदम छान, तो म्हणायचा, चष्मा काढायचा आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागायचा. लग्नाच्या आधीपासून मला ठाऊक आहे, हा माणूस खोटं बोलताना चष्मा पुसतो. ह्याला मी तालमीच्या खोलीच्या दारातसुद्धा उभा केला नसता. पण मला त्याचा राग यायचा नाही, माझं तरी काय वेगळं होतं? भेटायला आलेल्यांना मी हसून दाखवायचे. संध्याकाळी मास्तरांचा फोन यायचा. प्रयोग कसा झाला, मी विचारायचे. बरा झाला, ते म्हणायचे. बदलीची मुलगी चांगली करत होती, हे त्या 'बरा'मधून मला कळायचं आणि घशाशी कडू यायचं. पोटातलं वाचावं म्हणून जीव तुटत होता, तो खराच. आणि ती मुलगी एकदा तरी आपटावी असं वाटत होतं, तेही खरंच.

आपटली नाही. उलट एके दिवशी स्वतःच भेटायला आली, फळं घेऊन. तब्येत झाली, हवा झाली, माझ्या उशीच्या अभ्र्याचं कौतुक झालं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. शेवटी मीच विचारलं, पडणं बसत नाहीये का? तिनं बाही वर करून कोपर दाखवलं, सोललं होतं. 'ताई, पडताना तुम्ही कसला विचार करता?' काही नाही, मी म्हटलं, गुडघ्यांना सांगते. मला उठून दाखवता येत नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते पडणं मला शब्दांत सांगायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते, तेवढ्यात मुकादम खोलीच्या मधे आली. तिनं हवेतला दिवा मालवला, वळली, आणि पडली. गुडघे, कंबर, खांदा, डोकं. हुबेहूब. मी कोपरावर उठले, दारातून सासूबाई 'अगं ए' म्हणाल्या. फरशीवर तिचा डावा हात खाटेच्या बाजूला पसरला होता आणि त्याची करंगळी हलली. तेव्हा मला कळलं विंगेतून ते कसं दिसतं. तेवढ्या एका हलण्यावर आपला श्वास कसा अडकून राहतो. ती उठून फ्रॉक झटकत बदलीच्या मुलीला म्हणाली, 'आणि मग करंगळी. पण तुझं कोण असतं विंगेत?' त्या बिचारीला काही कळलं नाही. 'माझं कुणी नसतं,' ती म्हणाली. मुकादमनं जरा विचार केला आणि सांगितलं, मग पडदेकाकांना दाखव. ते बघतात.

त्या दिवसापासून माझ्या मनातलं कडू थोडं कमी झालं. सगळं गेलं म्हणणार नाही. पण ती मुलगी गेल्यावर मुकादम खाटेवर माझ्या पायाशी येऊन बसली आणि तिनं विचारलं, जे इतके दिवस कुणी विचारलं नव्हतं. 'त्या दिवशी तू करंगळी विसरलीस, की मला सांगितलंस?' मी म्हटलं, बघू, आठवून सांगते. आठवायला काय झालं होतं? पण विसरले म्हणावं, तर तिनं पडदा उगीचच टाकायला लावला असं झालं असतं; मग पुढच्या वेळी ती थांबली असती, नीट विचार केला असता. आणि सांगितलं म्हणावं, तर मला कळलं होतं की खरं आहे, तरी मी तशीच पडून राहिले आणि माझं ओरडणं सहा वर्षांच्या पोरीवर सोपवलं. कुठली आई असं करते? भिंतीचा पोपडा मी त्या दिवसांत इतका बघितला की त्यात मला एक नाक आणि दोन कान दिसायला लागले होते. तो चेहरा पडदेकाकांसारखा होता.

मग एका सकाळी, नवरा शाळेला निघताना, पुन्हा तसंच कोमट सुटलं. या वेळी थांबेना. सासूबाईंच्या हातातून भांडं सुटलं नाही की त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी माझ्या पायाखाली उश्या घातल्या आणि मुलाला सांगितलं, बूट नंतर घाल, आधी फोन लाव. मुकादमला शेजाऱ्यांकडे ठेवायचं असं कधीचं ठरलेलं होतं, पण ती गाडीत माझ्या डोक्याशी जाऊन बसली आणि तिला उतरवायला कुणालाच वेळ नव्हता. हॉस्पिटलात सगळं भराभर झालं. डॉक्टरीणबाईंनी चादर उचलली, ठेवली आणि म्हणाल्या, आता थांबायचं नाही, काढायचं. दिवस कमी आहेत, पण आता आतल्यापेक्षा बाहेर बरं. पूर्ण भूल द्यावी लागेल. मला ढकलत घेऊन निघाले. छतावरचे दिवे एकामागून एक जात होते. नवरा एका बाजूनं चालत होता, तोंडानं 'काही होत नाही, काही होत नाही' चाललेलं, चष्मा हातात. आणि दुसऱ्या बाजूनं, डाव्या, माझ्या हाताच्या उंचीवर, मुकादम. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. हाताकडे बघत होती.

दारापाशी ते जरा थांबले. मला ती करंगळी हलवता आली असती. कुठल्याही आईनं हलवली असती. एवढंसं बोट, त्याला किती कष्ट? पोरगी बिनघोर बाकावर बसली असती. माझं धाबं दणाणलं होतं आणि त्या डाव्या हातात ती खूण तयार बसली होती, सवयीनं, सुटायच्या बेतात. त्या वेळी मात्र मी तो अर्धा क्षण वापरला आणि बोट मुठीत धरलं. 'हे खरं आहे?' तिनं विचारलं. 'खरं आहे,' मी म्हटलं, 'आणि त्या दिवशीही खरं होतं. मी विसरले नव्हते.' बोलले तेव्हाच ते मलाही कळलं. माझी सगळी शिस्त, सगळी हौस, सगळं अंग मेल्याचं सोंग घेऊन पडलं होतं, आणि एवढं एक बोट माझ्या बाजूनं उभं राहिलं होतं. तिनं मान हलवली. मग आजूबाजूला बघितलं, हिरव्या कपड्यांतल्या माणसांकडे, दाराकडे. 'मग आता कुणाला सांगू?' कुणाला सांगणार? तिथं दोर नव्हता, स्टूल नव्हतं. इथं सगळ्यांना माहीत आहे, मी म्हटलं, तू बाबांजवळ थांब. मला भीती वाटतेय, हेही म्हटलं. दार उघडलं.

शुद्ध आली तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि पोटाच्या जागी एक दुखरी, रिकामी जागा होती. मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. पहिल्या वेळी मुकादमचं रडणं ऐकलं होतं, अख्खा मजला ऐकत होता. या वेळी मधे नुसता अंधार, पडदा पडावा तसा. नवरा वाकला आणि म्हणाला, मुलगा आहे. सगळं एकदम छान आहे. आणि चष्मा काढून पुसायला लागला. डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, लहान आहे, वर काचेच्या पेटीत ठेवलंय, लक्ष ठेवून आहोत. प्रत्येक शब्द सारख्या वजनाचा. समोरचा नट वाक्य विसरला की आम्ही असेच बोलतो, प्रेक्षकांना कळू नये म्हणून. सासूबाई माझ्या अंगावरच्या पांघरुणाची घडी सारखी करत होत्या, ती सारखीच होती. वीस वर्षं मी ह्यात काढली आहेत. चार माणसं मिळून पाचव्यापासून काय लपवतात ते मला कळत नसेल, पण लपवतात हे कळतं. मला उठून वर जाता येत नव्हतं. मी विचारलं असतं तर तिघांनीही मला उत्तर दिलं असतं आणि तिघांवरही मी विश्वास ठेवला नसता.

मुकादम दाराजवळ उभी होती, वेणी सुटलेली. मी तिला जवळ बोलावलं आणि म्हटलं, तू वर जाऊन बघून ये. नीट बघ. आणि मला खरं-खरं सांग. नवरा म्हणाला, अगं, तिला कशाला आत्ता? घाबरेल. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी नातीचा हात धरला आणि म्हणाल्या, चल गं, मलाही धड बघू दिलेलं नाही. त्या गेल्या. बाहेर कुणीतरी चाकांची खाट ढकलत नेत होतं, ते चाक कुरकुरत लांब गेलं. मी माझ्या डाव्या हाताकडे बघत पडले होते, त्यात सुई टोचलेली, वर पट्टी. त्या गेल्या त्या येईनात. वर जाऊन बघायला एवढा वेळ कशाला लागतो, हे मी शंभर तऱ्हांनी स्वतःला सांगून बघितलं आणि त्यातली एकही तऱ्हा मला पटली नाही. मागचं गेलं तेव्हाही असाच वेळ गेला होता आणि सगळे असेच हळू बोलत होते.

ती आली ती कमरेवर हात ठेवून. मागे सासूबाई, पदरानं डोळे पुसत. त्यावरून काहीच कळायला मार्ग नव्हता, त्या बऱ्या बातमीलाही रडतात. मुकादम खाटेपाशी आली.

'आहे,' ती म्हणाली. 'खूपच छोटा आहे. लाल आहे. नाकात नळी घातलीय, त्यामुळे रडायला येत नाही त्याला.'

'आणि करंगळी?' मी विचारलं.

तिनं विचार केला. विंगेत असणार तसाच हिशोबी भाव तिच्या तोंडावर होता. 'नाही हलवली,' ती म्हणाली. नवऱ्याचा हात चष्म्यावर थांबला. 'मी किती वेळ बघत उभी होते. त्याला एकटी करंगळी हलवता येतच नाही गं, आई. सगळी मूठच हलवतो. उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो. त्याला शिकवावं लागेल.'

'शिकव,' मी म्हटलं.